दुर्बिणीचं टेंडर आणि आपलं वर्कशॉप

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रेडिओ दुर्बिणींवर, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या यंत्रांवर, लेख होता. त्यात एक ओळ होती: एसकेए या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या उभारणीत भारतीय उद्योगांना वाव आहे. दूरच्या आकाशगंगांविषयी कुणी काही विचारलं नाही, पण या एका ओळीवर पत्रांचा पाऊस पडला. मराठवाड्याचं हे असंच. आकाशाकडं बघायचं ते ढगांसाठी, बाकी कामाचं बोला!

संपादकांनी गठ्ठा माझ्याकडं धाडला. नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या राहत होत्या तेव्हा मी एका कंत्राटदाराकडं तपासणीच्या कामावर होते. पुढची सगळी नोकरी चिकलठाणा आणि वाळूजच्या क्वालिटी खात्यात गेली. खगोलशास्त्र मला ऐकून माहीत. वेल्डमधला दोष मात्र हातानं शोधलेला आहे. उत्तरं त्या बाजूनं वाचावीत.

प्रश्न : ताई, वाळूजला आमचं शीट मेटलचं प्रेस शॉप आहे. दुचाकीचे पार्ट करतो. एसकेएमध्ये आम्हाला काम मिळेल का? मेल कुणाला टाकायचा? – एक लघुउद्योजक, वाळूज

मेल टाकायच्या आधी तिथं काय बनवायलेत ते बघा. एसकेए ही दोन ठिकाणी विभागलेली दुर्बीण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात १९७ डिश, त्यातल्या मीरकॅट या तिथल्याच आधीच्या दुर्बिणीच्या ६४ आधीपासून उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला मर्चिसनच्या माळावर १,३१,०७२ छोटे अँटेना, प्रत्येक साधारण दोन मीटर उंच. कचेरी इंग्लंडात, जोड्रेल बँकला. जुलै २०२१ मध्ये बांधकामाचा टप्पा सुरू झाला. नव्या डिशच्या स्ट्रक्चरचं काम चीनच्या सीईटीसी-५४ कडं गेलं आणि ऑस्ट्रेलियातले अँटेना इटलीच्या सिरिओ कंपनीकडं.

हे असं वाटलं जातं त्यामागं एक तत्त्व आहे. ज्या देशानं जेवढा पैसा घातला, साधारण त्या प्रमाणात त्याच्या संस्थांना आणि कारखान्यांना काम मिळावं. भारत सरकारनं २०२४ च्या सुरुवातीला सुमारे १,२५० कोटी रुपयांच्या सहभागाला मंजुरी दिली. ही काही वर्गणी नाही. त्यातला बराचसा वाटा इथल्याच लोकांनी काम करून द्यायचा असतो. आपल्या वाट्यातलं सगळ्यात ठळक काम आहे दुर्बीण चालवणारं नियंत्रण-सॉफ्टवेअर, त्याविषयी नांदेडच्या मुलीच्या पत्रात बोलू.

मग तुमच्या प्रेसमधला पार्ट कारूला जाणार का? थेट, बहुतेक नाही. पण तुम्ही स्वतःला ‘दुचाकीचे पार्टवाले’ म्हणता तिथंच चुकता. तुम्ही पत्र्याचे बिनफटीचे डबे करू शकता, आणि रेडिओ दुर्बिणीला डब्यांची गरज फार. दुर्बिणीच्या आसपासचा प्रत्येक पॉवर सप्लाय, प्रत्येक संगणक, प्रत्येक नेटवर्क स्विच स्वतः रेडिओ लहरी सोडत असतो. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की खोलीतल्या एका स्वस्त एलईडी ड्रायव्हरनं तो बुजून जातो. म्हणून सगळं इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंद डब्यात. मीरकॅटवाल्यांनी तर संगणकांची अख्खी इमारत जमिनीखाली घातली.

असा डबा करणं दिसतं तेवढं सोपं नाही. दार आणि चौकट यांच्यामध्ये धातूला धातू सगळीकडं भिडला पाहिजे. फट अर्ध्या मिलिमीटरची असली तरी ती लांब असेल तर लहर तिच्यातून निघते. गळती ठरते ती फटीच्या लांबीवरून, रुंदी फार आड येत नाही. त्यामुळं स्क्रू किती अंतरावर, हा प्रश्न दिसण्याचा राहत नाही. आणि आपल्याकडची ठरलेली सवय: जॉब तयार झाला की सरसकट पावडर कोटिंगला. फ्लँजवर, म्हणजे दार टेकतं त्या कडेवर, कोटिंग चढलं की गॅस्केटला, म्हणजे मधल्या फट बुजवणाऱ्या पट्टीला, विजेचा संपर्क मिळत नाही, डबा गेला! मास्किंग, म्हणजे ती जागा कोटिंगपासून झाकून ठेवणं, सांगितलेलं असतं, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. वाळूजमध्ये किती ठिकाणी ते वाचलं जातं, तुम्हीच सांगा.

तुमच्या जमेची बाजूही मोठी आहे. दुचाकीवाल्यांनी तुमच्याकडून पीपीएपी, म्हणजे माल सुरू करण्याआधीची मंजुरीची कागदपत्रं, करून घेतलंय, पहिल्या नगाची मापं, कंट्रोल प्लॅन, गेज तपासणी हे सगळं तुमच्या अंगवळणी आहे. संशोधन संस्थांना याच शिस्तीचे पुरवठादार मिळत नाहीत. तेव्हा इंग्लंडला मेल नको. पुणे-बंगळूरच्या ज्या कंपन्या संस्थांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची कॅबिनेट जोडून देतात त्यांचे पुरवठादार व्हा. केंद्र सरकारच्या खरेदी पोर्टलवर संशोधन संस्थांची टेंडरं येतात, ती भरायची नसली तरी आठवड्याला वाचत जा. कुणाला काय लागतं ते कळतं.

प्रश्न : आमचं जालन्यात फॅब्रिकेशनचं काम आहे. जीएमआरटीसारखी डिश जालन्यात बनेल का? स्टील तर आमच्या गावात ढिगानं. टॉलरन्स फार कडक असतो असं ऐकलं. – एक फॅब्रिकेटर, जालना

स्टील ढिगानं आहे हे खरं, पण जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघते ती मुख्यतः सळई. डिशला लागतात पाइप, प्लेट, वायर रोप आणि स्टेनलेसची तार. त्यामुळं गावातलं स्टील हा मुद्दा आधी बाजूला ठेवा.

टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती चूक चालेल याचं, मात्र तुम्ही उलटं ऐकलंय. तो कडक की सैल, हे लहरीची लांबी ठरवते. आरशाचा, म्हणजे डिशच्या आतल्या बाजूचा, पृष्ठभाग लहरीच्या लांबीच्या साधारण विसाव्या भागापर्यंत चुकला तरी चालतं. जीएमआरटी ज्या सगळ्यात आखूड लहरीसाठी बांधली ती हायड्रोजनची, २१ सेंटिमीटर. तिचा विसावा भाग म्हणजे सेंटिमीटरभर. ४५ मीटर व्यासाच्या डिशला सेंटिमीटरभराची सूट! एसकेएच्या नव्या डिश १५ मीटरच्याच आहेत, पण त्या १५ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. तिथं लहर दोन सेंटिमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. दोन्हींना डिशच म्हणतात, पण वर्कशॉपच्या दृष्टीनं हे दोन वेगळे धंदे आहेत.

या सुटीचा जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जो फायदा उठवला तो प्रत्येक फॅब्रिकेटरनं एकदा खोडदला जाऊन बघावा. लहर लांब असेल तर तिला जाळीसुद्धा पत्र्यासारखीच वाटते. म्हणून तिथं भरीव पत्रा नाहीच. १६ पॅराबोलिक नळीच्या चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेले स्टेनलेसचे वायर रोप आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तारेची जाळी. मध्यभागी जाळीचं घर १० मिलिमीटरचं, पुढं १५, कडेला २०. वारा आरपार जातो, म्हणून डिशवरचा दाब कमी. दाब कमी म्हणून आधाराचं स्टील कमी, ते कमी म्हणून मोटार, गिअर आणि काँक्रीटसुद्धा कमी. स्वस्तात ३० डिश उभ्या राहिल्या त्या यामुळं. १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटरचा पसारा. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, उटीला याच माणसानं ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उतारावर अशी झोपवली होती की डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर. आरसा म्हणून ११०० बारीक स्टेनलेस तारा. काम भारतीय कंपन्यांनी केलं.

मला यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. ही कल्पना कागदावर सुंदर दिसते, पण हजारो गाठी मारणारा, तार ताणून मापणारा माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय ती सुचत नाही. इथल्या मजुरीचा दर, इथल्या माणसाचं हातकसब आणि इथं मिळणारं साहित्य धरून ते डिझाइन झालं. बाहेरून तयार ड्रॉइंग आणून इथल्या फॅब्रिकेटरच्या हातात दिलं असतं तर खर्च हाताबाहेर गेला असता.

आता सावध करणाऱ्या गोष्टी. अमेरिकेत ग्रीन बँकला ३०० फुटी डिश होती. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ती आख्खी कोसळली. चौकशीत कारण निघालं गसेट प्लेटचं. एक प्लेट! गसेट म्हणजे दोन भागांच्या जोडावर बसवायची प्लेट, आपल्याकडं ‘उरलेल्या तुकड्यातून काप’ असं सांगायचा जॉब. दुसरी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीची. ३०५ मीटरचा आरसा आणि त्यावर केबलांनी टांगलेला सुमारे ९०० टनांचा प्लॅटफॉर्म. ऑगस्ट २०२० मध्ये एक जोड-केबल तिच्या सॉकेटमधून निसटली, नोव्हेंबरात मुख्य केबल तुटली, १ डिसेंबरला सगळं खाली. सॉकेट म्हणजे केबलचे पदर उलगडून त्यावर वितळलेलं जस्त ओततात ते टोक. ते जस्त वर्षानुवर्षं भाराखाली हळूहळू सरकत होतं. चीनच्या ५०० मीटरी फास्ट दुर्बिणीच्या वेळी उलट झालं. बाजारातली स्टीलची केबल थकव्याच्या चाचणीत टिकेना, तेव्हा संस्था आणि केबलवाले यांनी मिळून नवी केबल घडवली आणि मगच दुर्बीण उभी राहिली.

म्हणून जालन्यात डिश बनेल का, याचं माझं उत्तर असं: वेल्डर आहेत, जागा आहे, क्रेन आहेत. नाही ती कागदांची सवय. कुठली प्लेट कुठल्या हीट नंबरची, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेची, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कुठं, वेल्डर कुठल्या पोझिशनला पास झालेला, इलेक्ट्रोड बेक केले का. हे सगळं तीस वर्षांनी कुणी विचारलं तरी सापडलं पाहिजे. ते करायची तयारी असेल तर बनेल. नसेल तर शेडच करा, त्यातही पैसा आहे.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळे लोखंडाचंच विचारायलेत. आमच्यासारख्यांना यात काय? आणि शास्त्रज्ञांना सॉफ्टवेअर येतं की, मग कंपन्या कशाला लागतात? – एक विद्यार्थिनी, नांदेड

तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी तुला पैकीच्या पैकी गुण.

शास्त्रज्ञांना सॉफ्टवेअर येतं, उत्तम येतं. पण चौघांसाठी चविष्ट आमटी करणारी गृहिणी आणि पाचशेच्या पंगतीचा आचारी, दोघं एकाच चुलीवरचे असले तरी हिशोब वेगळा असतो. प्रयोगशाळेत एक अँटेना चालवणारा प्रोग्राम लिहिणं आणि सव्वा लाख अँटेनांपैकी कुठला बिघडला, तो वगळून निरीक्षण चालू कसं ठेवायचं, रात्री दोनला ऑपरेटरला काय दाखवायचं, दहा वर्षांनी लिहिणारा सोडून गेला तर कोड कुणाला कळेल, हे बघणं, यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढायला उद्योग लागतो.

एसकेएच्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’चं, म्हणजे सगळ्या भागांना हुकूम देणाऱ्या आणि त्यांची खबर ठेवणाऱ्या यंत्रणेचं डिझाइन जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेच्या नेतृत्वाखाली झालं. सोबत इतर देशांच्या संस्था, आणि आपल्याकडून टीसीएसचा संशोधन विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स. २०१८ मध्ये ते डिझाइन तपासणीतून पार पडलं. यात कंपन्या ड्रॉइंग गोठल्यावर दर द्यायला आलेल्या नव्हत्या, काय हवं हे ठरत असतानाच टेबलावर होत्या. माझं सगळं म्हणणं यातच आलं. आधी बोलावलं तर भागीदार, नंतर बोलावलं तर नुसता विक्रेता. विक्रेता चुकीचं ड्रॉइंगसुद्धा मुकाट्यानं बनवून देतो, कारण तसं बनवायचे त्याला पैसे मिळतात.

आधी बोलावण्यात कटकट असते, हेही लपवत नाही. शास्त्रज्ञ म्हणतो, ‘जमेल तेवढं चांगलं करा.’ कंपनीचा माणूस म्हणतो, ‘किती चांगलं, आकडा सांगा.’ या दोन वाक्यांवर मी तासन् तास बैठका चाललेल्या पाहिल्यात. आकडा सांगायचा तर शास्त्रज्ञाला स्वतःच्या विज्ञानाचाच पुन्हा विचार करावा लागतो, आणि ते त्याला आवडत नाही. पण आकडा एकदा लिहिला गेला की निम्मी भांडणं संपतात. बाकीची निम्मी असतात इंटरफेसची: तुझा डबा आणि माझा डबा जिथं जोडतात तिथला प्लग कुणाचा, संदेश कुठल्या रूपात, घड्याळ कुणाचं. त्याचं वेगळं दस्त असतं आणि दोन्ही बाजू त्यावर सही करतात. तुम्हा मुलांना कॉलेजात अल्गोरिदम शिकवतात, हे कुणी शिकवत नाही.

अनेक देश मिळून बांधतात तेव्हा काय होतं त्याचं चिलीतली अल्मा दुर्बीण हे नामी उदाहरण. ६६ अँटेना, पण अमेरिका, युरोप आणि जपान यांनी आपापल्या कंपन्यांकडून केलेले, म्हणून डिझाइनं तीन तऱ्हांची. दुर्बीण झकास चालते. पण स्पेअर तीन प्रकारचे, दुरुस्तीचं प्रशिक्षणही तीन प्रकारचं. आपापल्या देशाला काम मिळावं या हट्टाची ती किंमत आहे. मला ती रास्त वाटते, फक्त ती आधी मोजलेली असावी.

आता तुझं. एसकेएच्या नियंत्रण-यंत्रणेच्या बुडाशी टँगो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉन केंद्रात जन्मलेलं. फुकट उतरवता येतं. पायथन येत असेल तर होस्टेलच्या लॅपटॉपवर एक खोटी मोटार आणि एक खोटा सेन्सर बनव आणि त्यांना टँगोमधून चालवून बघ. मोटार मध्येच बंद पडली तर बाकीचं काय करायचं, हे त्यात लिही. मुलाखतीत ते दाखव. आणि दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन असतं. नांदेडहून लांब पडतं खरं. मैत्रिणी गोळा कर आणि जा.

प्रश्न : आमच्या औंढ्याकडं लायगोची दुर्बीण येणार आहे. गावात सगळे म्हणायलेत की आता कारखाने येतील. कुणी म्हणतं मोबाईल बंद करतील. खरं काय? – एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

दादा, दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. लायगो ही रेडिओ दुर्बीण नव्हे, ती अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपते. तिच्यात काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन हात असतात, हवा काढून घेतलेल्या नळ्यांमधून लेझर जातो आणि टोकाचे आरसे किंचित हलले तर ते मोजतात. रेडिओ दुर्बिणीला रेडिओचा गोंगाट चालत नाही, लायगोला जमिनीचा हादरा चालत नाही. म्हणून खोडदला मोबाईलचे टॉवर आणि ठिणगी मारणारी यंत्रं यांची धास्ती, तर औंढ्याला खाणीतले सुरुंग, जड ट्रक, क्रशर यांची. मोबाईलची काळजी करू नका.

कारखान्यांचं स्पष्ट सांगते. अशा यंत्रांना उद्योग भागीदार म्हणून हवा असतो, शेजारी म्हणून नको असतो. जीएमआरटीच्या परिसरात नवा उद्योग काढायचा तर दुर्बिणीवाल्यांची ना हरकत घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेनं तर त्यासाठी २००७ मध्ये कायदाच केला. त्यामुळं लायगो आलं म्हणून औंढ्यात एमआयडीसी फुलेल असं जो सांगतो तो जमिनीचा दलाल असण्याची शक्यता जास्त.

काम कुठं निघेल? २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्यातलं बारकाव्याचं काम आहे निर्वात नळीचं. स्टेनलेसची, सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची, किलोमीटरच्या किलोमीटर. तिच्या प्रत्येक जोडावर हेलियम फवारून गळती शोधतात. पाण्यानं किंवा साबणानं जी गळती कधीच दिसणार नाही ती हेलियमनं सापडते. त्यासाठी टिगचा, म्हणजे बारकाईच्या गॅस-वेल्डिंगऐवजी विजेच्या ठिणगीवर केल्या जाणाऱ्या वेल्डचा, पक्का वेल्डर लागतो, जो घामेजल्या हातानं स्टेनलेसला शिवत नाही. तुमच्या घरात आयटीआय झालेला मुलगा असेल तर त्याला या कामाला लावा. संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथले अभ्यासक्रम बघा. बाकी रस्ते, इमारती, जेवणाचे डबे, गाड्या यांचं काम गावाला मिळेल, आणि तेही कमी नाही.

प्रश्न : ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या वाचकांना हजारो कोटींच्या दुर्बिणींचं कौतुक सांगताना काही वाटतं का? – एक निवृत्त शिक्षक, लातूर

वाटतं, सर. मिरजेहून आलेली ती गाडी मीही पाहिली. पण दुर्बिणीचे पैसे वाचले म्हणून मांजरा धरण भरलं नसतं, आणि आपल्याकडं पाण्याच्या कामांत पैसा कमी पडतो त्याहून जास्त तो कुठं जातो हाच प्रश्न असतो. तुमचा राग मला मान्य आहे. तो दुर्बिणीवर काढणं मान्य नाही.

प्रश्न : आम्ही एका संस्थेला जॉब करून दिला. मधेच ड्रॉइंग बदललं, पैसे अडकले. आता पुन्हा संशोधन संस्थेचं काम घ्यावं का? – एक कारखानदार, चिकलठाणा

संस्थेचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही, पण गोष्ट ओळखीची आहे. माझ्या माहितीतल्या एका वर्कशॉपचा जॉब तपासणीत पास झाला, गाडीत चढला, जागेवर पोचला आणि ज्या टॉवरवर तो बसवायचा तोच तयार नव्हता. ‘बसवून चाचणी झाल्यावर उरलेली रक्कम’ असं ऑर्डरीत लिहिलेलं. टॉवर दुसऱ्याचा, दिरंगाई तिसऱ्याची, व्याज मात्र या बिचाऱ्याच्या खात्यावर.

ड्रॉइंग बदलणं हा शास्त्रज्ञांचा लहरीपणा नसतो, हे आधी समजून घ्या. जोड्रेल बँकची ७६ मीटरची मोठी डिश शास्त्रज्ञ बर्नार्ड लोव्हेल यांनी बांधायला घेतली तेव्हा आरसा जाळीचा ठरला होता. १९५१ मध्ये हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर सापडली. आता एवढ्या आखूड लहरीला ती जाळी चालेना, म्हणून आरसा पत्र्याचा करायचं ठरलं. पत्र्याला वारा अडतो, त्याचं वजनही जास्त, म्हणून खालचं सगळं स्ट्रक्चर भारी करावं लागलं. खर्च कुठल्या कुठं गेला. १९५७ मध्ये दुर्बीण उभी राहिली ती कर्ज डोक्यावर घेऊनच. त्याच ऑक्टोबरात स्पुटनिक उडालं, तिनं त्याच्या रॉकेटचा माग काढला आणि लोकांचा सूर बदलला. उरलेलं कर्ज १९६० मध्ये लॉर्ड नफिल्ड आणि त्यांच्या प्रतिष्ठाननं फेडलं. विज्ञान मधेच पुढं जातं आणि ड्रॉइंगला ओढत नेतं. तुमच्या मदतीला कुणी लॉर्ड येणार नाही, तेव्हा तरतूद करारातच हवी.

काम घ्या, पण असं घ्या. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर ऑर्डरीत लिहून घ्या आणि त्यानंतरच्या बदलाचा तासाचा आणि किलोचा दर आधीच ठरवा. पैशाचे टप्पे तुमच्या शेडमधल्या तपासणीला बांधा, जागेवर बसवल्यानंतरच्या चाचणीला फार तर शेवटचे थोडे ठेवा. तपासणी म्हणजे काय, कुठल्या यंत्रानं, किती तापमानाला, कुणासमोर, हे लिहिलेलं असू द्या. उन्हाळ्यात दुपारी तीनला आपल्या शेडमध्ये मापलेला सहा मीटरचा पाइप आणि पहाटे मापलेला पाइप एक नसतो. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी, नोंदणी असेल तर सरकारी टेंडरला अनामत रकमेतून सूट मिळते. आणि माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. मेख ‘स्वीकारल्यापासून’ या शब्दात आहे, म्हणून स्वीकृतीचा कागद हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.

आणखी एक. टेंडर भरायच्या आधी प्री-बिड बैठक असते. आपली माणसं तिथं जातात, चहा घेतात, कोण कोण आलंय ते बघतात, स्पर्धकांपुढं तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प बसतात आणि घरी येऊन दर टाकतात. तिथंच विचारा: हा टॉलरन्स खरंच लागतो का? हा ग्रेड मिळत नाही, दुसरा चालेल का? ही वेल्ड आतून करायची म्हणता, पण टॉर्च आत जाणार कशी? मी खोडदच्या दिवसांत पाहिलंय, अशा प्रश्नावर शास्त्रज्ञ आधी चिडतो, मग वहीत काहीतरी लिहून घेतो आणि चहाच्या सुट्टीत तुम्हाला शोधत येतो. तिथं लेखी उत्तर मागा. ते उत्तर टेंडरचा भाग होतं आणि पुढं ड्रॉइंग बदललं की तुमच्या बाजूनं उभं राहतं.